अर्धवट भाजलेला शंख

मित्रांनो, मी एक जुना शंख होतो. आता मी एका थडग्याच्या दगडाखालचा चुना आहे. मधे थोडा वेळ मी या दोन्हींपैकी काहीच नव्हतो, आणि माझी गोष्ट मुख्यतः त्या थोड्या वेळाचीच आहे. पण आपली हकिगत जन्मापासून सांगायची रीत आहे, आणि रीत मोडणारा मी नव्हे.

माझा जन्म कॅरिबियनमधल्या कॅरिआकू बेटाजवळच्या उथळ, हिरव्या समुद्रात झाला. माझ्या आत गोगलगायीसारखा एक मऊ प्राणी राहत असे. तो घरमालक आणि मी घर. तो दिवसभर समुद्राचं गवत खाई आणि पाण्यातून कॅल्शियम गोळा करून मला थोडं थोडं वाढवी. मी ज्या पदार्थाचा बनलो, त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. खडू, संगमरवर, अंड्याचं टरफल, सगळ्यांत तोच असतो. पण मित्रांनो, पदार्थ एक असला तरी आत बसायची पद्धत प्रत्येक घराण्याची वेगळी. आमच्याकडे प्रत्येक कॅल्शियमभोवती नऊ ऑक्सिजन खेटून बसत. लग्नात एकाच बाकावर सगळे मामा बसतात ना, तसे. अशा दाटीच्या मांडणीला अ‍ॅरागोनाइट म्हणतात. त्या दाटीमुळे मी मजबूत होतो, जड होतो, आणि तोंडाशी गुलाबी होतो. गुलाबीचं श्रेय दाटीला नाही, पण त्याचा अभिमान मला सगळ्यात जास्त होता, म्हणून सांगून ठेवलं.

एके दिवशी नेस्टर नावाच्या कोळ्यानं मला बुडी मारून उचललं. माझ्या घरमालकाला त्यानं बाहेर काढलं आणि कांदा-मिरची घालून खाल्लं. मी कुणाला दोष देत नाही. वास चांगला येत होता.

मग माझं टोक कापून त्यानं मला फुंकायला घेतलं. ते माझे वैभवाचे दिवस. मासळी घेऊन होडी किनाऱ्याला लागली की नेस्टर मला फुंकी, आणि अख्ख्या गावातल्या बायका टोपल्या घेऊन धावत येत. त्यांच्या मागून कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागून पाद्री. सगळे म्हणत, "काय खणखणीत आवाज आहे!" माझ्या पोकळीत नेस्टरच्या तोंडचा कांद्याचा वास भरून राहिला होता, तरी मी स्वतःला भाग्यवान समजत असे.

पुढे नेस्टरनं होडीला इंजिन बसवलं. इंजिनाचा भोंगा माझ्याहून मोठा निघाला. त्यानं मला शेजारच्या मा क्लोटिलला देऊन टाकलं, आणि मा क्लोटिलनं मला दार अडवायला ठेवलं. ज्याच्या आवाजावर गाव धावत होतं, तो आता वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी पडून राहिला. मा क्लोटिलची सून इस्मे रोज सकाळी उजव्या पायाच्या अंगठ्यानं मला दाराशी ढकली आणि संध्याकाळी परत बाजूला करी. माझं वजन त्या अंगठ्याला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. बाकी कुणाला ते जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.

आता मा क्लोटिलविषयी. ती बोलायला लागली की बकऱ्या चरायच्या थांबत. "इस्मे, कू-कू ढवळतेयस की कुणाची समजूत काढतेयस?" असं ती स्वयंपाकघरात न जाता, वासावरूनच ओळखून बोले. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. त्यात गाठी राहिल्या की मा क्लोटिलला त्या अंगणात बसून कळत. इस्मेचा नवरा दूर अरुबा बेटावर तेलाच्या कारखान्यात कामाला होता, त्यामुळे आईचं सगळं बोलणं एकट्या इस्मेच्या वाट्याला येई.

मग एका पावसाळ्यात मा क्लोटिल वारली. मेल्यावर ती बोलायची थांबेल, असं गावात कुणालाच वाटलं नव्हतं. ती थांबली नाहीच.

त्या बेटावर मेलेली माणसं स्वप्नात येतात आणि काय हवं ते सांगून जातात. कुणाला भात हवा असतो, कुणाला रम. शेजारीण वाटीभर साखर मागायला येते, तितकंच ते साधं. पण खरी मागणी असते दगडाची. थडग्यावर नावाचा दगड बसवून मोठं जेवण घातलं, की मेलेला माणूस आपल्या जागी स्थिर होतो. तोवर तो बसायला खुर्ची न मिळालेल्या पाहुण्यासारखा घरात इकडून तिकडे फिरत राहतो. बाकीचे मेलेले वर्षानुवर्षं वाट बघतात. मा क्लोटिल दुसऱ्याच महिन्यापासून यायला लागली, आणि तीही रात्री नाही. रात्री तिला दुसरी कामं असावीत. इस्मे दुपारी जरा डोकं टेकते न टेकते, तोच ती हजर.

"पुन्हा आडवी झालीस? इथं माझ्या डोक्यावर दगड नाही. पाऊस पडला की पाणी सरळ नाकात जातंय. आणि काल कू-कूत गाठी होत्या."

इस्मे दचकून उठे. ती झोप गेली ती गेलीच. हळूहळू तिची रात्रीचीही झोप उडाली. ती उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागली. चहात मीठ घालू लागली. एकदा तिनं बकरीऐवजी कुंपणाचं दूध काढायचा बराच प्रयत्न केला. शेवटी तिनं ठरवलं, दगड बसवायचा. जेवणाचा शनिवार ठरला, शेजारच्या बेटांवरच्या नातेवाइकांना बोलावणी गेली, आणि दगडही होडीतून आला. रिवाजाप्रमाणे तो घरात आणून मा क्लोटिलच्या देवदारी खाटेवर ठेवला आणि वर पांढरी चादर घातली. इस्मे खाली जमिनीवर झोपू लागली. दगडाला मात्र गाढ झोप लागत असावी, कारण तो कधी कुशीवर वळला नाही.

दगडाबरोबर सिमेंटही आलं होतं. पण होडीत पाणी शिरलं आणि गोण्या जागच्या जागी घट्ट झाल्या. आकार मात्र उशीसारखा सुबक राहिला होता. मा क्लोटिलचा भाऊ कान्यूटमामा हा गावचा गवंडी. अंगानं इतका भरलेला, की तो ज्या खुर्चीवर बसे तिला नंतर कुणी खुर्ची म्हणत नसे. त्यानं त्यातली एक गोणी अंगणात बसायला घेतली आणि तीवर बसून जाहीर केलं, "सिमेंट गेलं तर गेलं. आजोबा-पणजोबा शंख भाजून चुना करत होते. भट्टी अजून किनाऱ्यावर आहे. शंखांचा ढीग आहे. भाजू या."

"तुम्ही कधी भाजलेत, मामा?" इस्मेनं विचारलं.

"मी भाजताना पाहिलेत."

"किती वर्षांचे होता?"

"कडेवर होतो. पण बघत होतो."

भट्टी बुधवारी लावायचं ठरलं. लाकडाचा एक थर, शंखांचा एक थर, पुन्हा लाकूड, पुन्हा शंख. मग कान्यूटमामा म्हणाला, "मेलेल्याच्या घरातलं काहीतरी भट्टीत जावं लागतं. नाहीतर त्याला आपला चुना ओळखू येत नाही." ही चाल फार जुनी असल्याचं त्यानं सांगितलं. ती त्यानं त्याच सकाळी काढली होती. इस्मेनं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हा घेऊन जा. रोज माझा अंगठा ठेचकाळतो."

अशा रीतीनं मित्रांनो, मी भट्टीत गेलो. निरोपसमारंभ झाला नाही.

सुरुवातीला फक्त धूर होता. मग ऊब आली, आणि मग ऊब हा शब्द पुरेना. आधी माझ्यातला कांद्याचा वास जळाला. त्याबद्दल मी आगीचा आजन्म ऋणी आहे. मग गुलाबी रंग गेला. त्याबद्दल मी अजून काही बोलू शकत नाही. आणि त्यानंतर आत काहीतरी हललं. आमचे नऊ मामा, म्हणजे ते नऊ ऑक्सिजन, इतकी वर्षं खेटून बसलेले, उठून जागा बदलू लागले. आता एकेका कॅल्शियमभोवती सहाच राहिले, नीट, ऐसपैस. या मांडणीला कॅल्साइट म्हणतात. ऐसपैस बसायला जागा जास्त लागते, म्हणून माझं अंग आतून फुगलं आणि तट्तट् तडे गेले. बाहेरून मी पांढराफटक आणि ठिसूळ दिसू लागलो. कुणालाही वाटावं, झालं याचं काम.

पण मित्रांनो, काम झालं नव्हतं. घरात खुर्च्या हलवल्या म्हणून पाहुणे गेले असं होत नाही. माझ्यातला कार्बन डायऑक्साइड अजून पुरता माझ्यातच होता. त्याला बाहेर काढायला याहून कितीतरी जास्त आग लागते, आणि ती बराच वेळ लागते.

नेमक्या त्याच वेळी भट्टीजवळच्या सावलीत इस्मेचा डोळा लागला.

"बंद करा तो धूर!" मा क्लोटिल पदर नाकाला लावून उभी होती. पदर नव्हे, डोक्याचा रुमाल. "सारखा ठसका लागतोय मला. आणि शंख पांढरे झाले की! आता काय त्यांचं सोनं व्हायचंय?"

इस्मे धडपडत उठली आणि ऐकलं ते सांगून टाकलं. कान्यूटमामानं डोक्यावरची टोपी काढली.

"विझवा," तो म्हणाला.

नेस्टर लाकडं आत सारत होता. "अहो मामा, अजून दुपारसुद्धा कलली नाही."

"नेस्टर, माझी बहीण जिवंत होती तेव्हा मी तिच्याशी वाद घालून एकदाही जिंकलो नाही. आता तर तिच्याकडे वेळच वेळ आहे."

 मग सगळ्यांनी लाकडं ओढून काढली आणि उरलेल्या निखाऱ्यांवर वाळू टाकली. मला ओरडावंसं वाटलं. एके काळी माझ्या एका आवाजावर गाव गोळा होत होतं. पण तडे गेलेल्या शंखात फुंकर मारली तरी फुस्स होतं, आणि मला फुंकणारही कुणी नव्हतं.

गुरुवारी सकाळी आम्हाला एका खड्ड्यात ओतलं. चांगला भाजलेला चुना पाण्यात पडला की कसा उकळतो, फुत्कारतो, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. कान्यूटमामानं हात पसरून लोकांना मागे रेटलं. "मागे! आणखी मागे! डोळ्यात उडेल! नेस्टर, ओत!"

नेस्टरनं बादली ओतली आणि उडी मारून मागे झाला.

काही झालं नाही.

सगळे माना उंच करून बघू लागले. पाणी स्वच्छ होतं, थंड होतं, आणि आमच्यावर मजेत डोलत होतं. एक कोंबडी आली. खड्ड्याच्या कडेला उभी राहून ती पाणी प्याली, मान वर करून तिनं ते गिळलं, पुन्हा प्याली आणि निघून गेली.

"पाणी शिळं असेल," नेस्टर म्हणाला.

"पाण्यात काही नाही," कान्यूटमामाचा आवाज पडला होता. "माझी बहीण रुसलीय. तिला हा दगड नकोच आहे. लोकांना कळवा, जेवण रद्द."

इस्मेच्या हातातलं फडकं खाली पडलं. "रद्द? म्हणजे मग त्या रोज यायच्या?"

"रोज असं नाही. रविवारी चर्चला जात असेल."

"मामा, मी कित्येक महिने झोपले नाहीये! परवा मी कुंपणाचं दूध काढत होते!"

"ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं," नेस्टर हळूच म्हणाला. "कुंपण बिचारं गप्प उभं होतं."

इस्मेला रडू आलं. रडता रडता तिनं सवयीनं उजव्या पायानं मला बाजूला ढकललं. खड्ड्यात मी कडेलाच होतो. तिचा अंगठा माझ्यावर टेकला आणि थांबला. तिनं रडणं थांबवलं. वाकून मला उचललं, हातात खालीवर केलं.

"मामा, हा होता तितकाच जड आहे."

"शंख आहे तो. जड असणारच."

"मग काल जळलं काय?"

"रंग जळला की."

"रंगाला काय वजन असतं? मासा भाजला तरी हलका होतो. मक्याचं कणीस भाजलं तरी हलकं होतं. एवढ्या आगीत राहून याचं काहीच कमी झालं नाही, म्हणजे यातून अजून काही गेलेलंच नाही. हे सगळे अर्धे कच्चे आहेत! सासूबाईंनी अर्ध्यावर थांबवलं!"

 कान्यूटमामानं आधी आभाळाकडे, मग दफनभूमीकडे पाहिलं.

"तू म्हणतेयस, माझी बहीण चुकली?"

"हो."

"हे तू मोठ्यानं म्हणालीस, इस्मे."

"म्हणाले."

मामाला भीती वाटत होती, पण मित्रांनो, माझ्या त्या भेगाळ अंगाला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. माझ्या मनातलं कुणीतरी बोललं होतं. मला हातात तसंच धरून इस्मे तडक थडग्याकडे चालू लागली. थडगं म्हणजे अजून मातीचा नुसता उंचवटा होता. तिनं त्यावर थोडी रम शिंपडली, थोडं पाणी शिंपडलं, आणि कमरेवर हात ठेवले. एका हातात मी होतो, त्यामुळे तिच्या कमरेवर मीही होतो.

"सासूबाई, ऐका. आजवर तुम्ही म्हणाल ते मी केलं. मिठाचं केलं, गाठींचं केलं, रविवारी कुठली टोपी घालायची तेही केलं. पण आजची भट्टी मी विझवणार नाही. ठसका लागला तर लागू द्या. नाक धरा. तुमच्याच डोक्यावर छप्पर घालतेय मी. तुम्हाला चुन्यातलं कळत नाही, आणि मलाही कळत नाही, पण हा शंख रोज मी ढकलते, तुम्ही नाही." एवढं बोलून तिनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग आवाज खाली आला. "तुमच्या कू-कूसारखा माझा होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला झोप हवीय हो, सासूबाई. आणि तुम्हालाही हवी असणार."

थडग्यातून काही उत्तर आलं नाही. दिवसाढवळ्या जाग्या माणसाशी बोलायची मा क्लोटिलला सवय नव्हती.

आता लाकूड कुठून आणायचं? जवळचं सगळं पहिल्या आगीत गेलेलं. इस्मे घरात गेली, खाटेवरून दगड चादरीसकट खाली उतरवायला लावला, आणि म्हणाली, "ही खाट न्या."

"ताईची खाट?" कान्यूटमामा भिंतीला टेकला. "देवदारी?"

"देवदार छान पेटतो."

खाट गेल्यावर गावाला धीर आला. नेस्टरनं त्याची मोडकी होडी आणली, जी तो लग्न झाल्यापासून पुढच्या वर्षी दुरुस्त करणार होता. त्याच्या बायकोनं होडी भट्टीत जाताना टाळ्या वाजवल्या. कुणी दार आणलं, कुणी चर्चचा तीन पायांचा बाक. म्हाताऱ्या एका खलाशानं आपला जादा लाकडी पाय दिला. "हा डावा आहे," तो म्हणाला, "आणि माझा गेलाय उजवा. चुकून आला होता. बघा तुम्हाला उपयोग होतो का."

झाला, मित्रांनो. फार चांगला जळला.

या वेळी इस्मे बसलीच नाही. ती भट्टीभोवती चालत राहिली, लाकडं सारत राहिली, मोठमोठ्यानं गाणी म्हणत राहिली. दुपारी एकदा चालता चालता तिच्या पापण्या मिटल्या. मा क्लोटिल तयारच होती. तिनं तोंड उघडलं, "बंद क—", आणि इस्मेनं डोळे उघडले. वाक्य अर्धंच राहिलं. मा क्लोटिलच्या आयुष्यात, आणि नंतरही, तिचं वाक्य कुणी अर्ध्यावर तोडलं असेल तर ते तेवढंच.

आत माझी अवस्था काय झाली ते कसं सांगू? आग लालची नारिंगी झाली, नारिंगीची पिवळसर झाली. मी स्वतःच उजळू लागलो. आणि मग, कालपासून नुसत्या खुर्च्या बदलत बसलेले पाहुणे उठले. कार्बन डायऑक्साइड माझ्या अंगाच्या कणाकणातून बाहेर पडू लागला. आधी पृष्ठभागावरून, मग खोलवरून, तड्यांतून वाट काढत. मला वाटलं होतं दुखेल. दुखलं नाही. जत्रेच्या दिवशी भरलेलं घर संध्याकाळी रिकामं होतं आणि घरातली बाई पहिल्यांदा पाय पसरून बसते, तसं वाटलं. मागे उरलेल्या कॅल्शियम आणि ऑक्सिजननं नवीनच मांडणी केली. एक हा, एक तो, एक हा, एक तो, चारी बाजूंना आणि वरखाली. जेवणातल्या मिठाच्या खड्यात असते अगदी तशी चौकोनी शिस्त. याला कळीचा चुना म्हणतात. गंमत म्हणजे बाहेरून माझा आकार शंखाचाच राहिला. वळणं तीच, टोक तेच, नेस्टरनं पाडलेलं भोकही तेच. पण आत सगळीकडे बारीक बारीक मोकळ्या जागा. जो गेला त्याची जागा मी भरून काढली नव्हती.

सूर्य मावळेपर्यंत आग चालली. नंतर ती आपली आपण निवत गेली. कुणी वाळू टाकली नाही.

शुक्रवारी सकाळी इस्मे हाताला जाड फडकं गुंडाळून आली. मला शोधून काढलं आणि रोजच्या वजनाच्या अंदाजानं जोर लावून उचललं. मी इतका हलका झालो होतो, की मी तिच्या हातून खांद्यावरून मागे उडालो आणि तसाच गरमागरम थेट कान्यूटमामाच्या हातातल्या टोपीत पडलो.

"अगं बाई!" इस्मे ओरडली, आणि हसायला लागली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. "मामा, निम्मा गेला! निम्मा गेला हा!"

"टोपी गेली माझी," मामा म्हणाला. पण तोही हसत होता.

आम्हाला पुन्हा खड्ड्यात ओतलं. या वेळी कुणालाही मागे व्हायला सांगितलं नाही, कारण कान्यूटमामाला पुन्हा तोंडघशी पडायचं नव्हतं. कालची ती कोंबडी आपली जागा धरून तयार होती. नेस्टरनं पाणी ओतलं. एक क्षण काही झालं नाही. मग पाणी माझ्या त्या सगळ्या मोकळ्या जागांमध्ये शिरलं, आणि मी पेटलोच म्हणा ना! फुत्कार, वाफ, खदखद. मी फुगलो, फुटलो, दुधासारखा पांढरा भुगा होऊन वर आलो. सगळे ओरडत पळाले. कोंबडी भिंत ओलांडून शेजारच्या वाडीत गेली आणि सोमवारपर्यंत परतली नाही. आणि वाफेच्या पलीकडे इस्मे दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं. धुराचं नव्हतं, भट्टी तर विझली होती.

"चुना अजून मुरायला हवा," कान्यूटमामा म्हणाला. "महिनाभर तरी."

"मामा."

"बरं. उद्या सकाळी चालेल."

शनिवारी सकाळी वाळू घालून माझा गारा केला, आणि माझ्यावर मा क्लोटिलचा दगड बसला. रम शिंपडली, पाणी शिंपडलं, तांदूळ टाकले. पितरांसाठी भरलेलं ताट वेगळ्या मेजावर ठेवलं, आणि त्यात कू-कूचा सगळ्यात मोठा, गुळगुळीत गोळा होता. इस्मेनं तो तीनदा ढवळून केला होता. शेजारच्या बेटांवरून आलेली माणसं जेवली, ढोल सुरू झाले, बायका गोल धरून नाचू लागल्या.

या सगळ्या गदारोळात इस्मे थडग्याजवळच्या झाडाखाली एका खुर्चीवर बसली, आणि तिचा डोळा लागला.

नेस्टरच्या लक्षात आलं. त्यानं कान्यूटमामाला खूण केली. मामानं ढोलवाल्यांना खूण केली. एकेक ढोल थांबत गेला. नाचणाऱ्या बायका एक पाय उचललेल्या तशाच उभ्या राहिल्या. जेवणाऱ्यांनी घास तोंडाशी थांबवले. सगळं गाव, आणि तीन बेटांवरचे पाहुणे, इस्मेकडे बघत राहिले. मीही दगडाखालून बघत होतो, म्हणजे ओल्या चुन्याला जितकं बघता येतं तितकं. ती दचकून उठते का, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं.

ती उठली नाही.

बराच वेळ गेला. पोरं कंटाळली. कुणाचा तरी घास हातातच वाळला. सूर्य खाली आला, आणि मग इस्मेनं सावकाश डोळे उघडले. आळस दिला. समोर एवढी माणसं आपल्याकडे बघताना पाहून तिनं आधी केस नीट केले.

"आल्या होत्या?" नेस्टरनं विचारलं.

"आल्या होत्या."

कुणीतरी 'अरे देवा' म्हटलं. कान्यूटमामा पुढे झाला. "काय म्हणाली?"

"काही नाही." इस्मेच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी माझ्या एवढ्या वर्षांत तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. "झोपल्या होत्या. घोरत होत्या. मी बाजूला बसून राहिले, त्यांना उठवलं नाही."

"तोंड उघडं होतं?"

"चांगलं उघडं."

"मग तीच," कान्यूटमामा म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस, त्याचे डोळे भरून आले.  जवळ बसायला काही नव्हतं, म्हणून तो होता तिथंच मटकन खाली बसला. आणि खाली होता तो मा क्लोटिलचा दगड. ढोल पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी इथंच आहे. चुना एका दिवसात दगड होत नाही. भट्टीत मी जो वायू सोडला, तोच आता हवेतून थोडा थोडा परत घेतोय, आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतोय. मांडणी सहाजणांची, ऐसपैस. नऊजणांची ती समुद्रातली दाटी, तो गुलाबी रंग, आता माझ्या वाट्याला नाहीत. कधी कधी, भरतीचा आवाज आला की, जरा आठवण होते. पण माझ्यावर एक म्हातारी निजली आहे, आणि पलीकडच्या घरात एक बाई दुपारची झोपते. एवढ्यावर माझं बरं चाललंय.

तुम्हाला एकच हात जोडून सांगणं आहे. पक्कं व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागताना बाहेरून काही दिसत नाही. म्हणून कुणीही, कितीही भरून आलं, आनंद झाला, तरी ताज्या चुन्यावरच्या दगडावर बसू नये. निदान काही वर्षं तरी नाही. कान्यूटमामांनी तर मुळीच नाही. ते दर रविवारी बहिणीला भेटायला येतात, आणि मला माहीत आहे, मन फार चांगलं आहे त्यांचं. पण कृपा करून कुणीतरी त्यांना एक खुर्ची द्या हो.